एका शिवाराचं पाणी, दीडशे मोटारी

खडकमाळ (धागाकर्ता)

विषमता आणि पर्यावरण हा विषय निघाला की गाडी थेट विमानप्रवास, एसी आणि अब्जाधीशांच्या बोटींवर जाते. त्यात चूक नाही. पण या विषयाचं लिटरमध्ये मोजता येणारं उदाहरण आपल्या पायाखाली आहे, ते म्हणजे भूजल. हा धागा तेवढ्यापुरताच ठेवू. मी एका गावाचा ताळेबंद मांडतो. गाव कल्पित आहे, गुणोत्तरं खरी आहेत. चुकलं तर दुरुस्त करा.

आधी खडक. राज्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या (सच्छिद्र, भेगाळ बेसॉल्ट), मग अखंड काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या 15-20 मीटरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. हा थर म्हणजे अगदी कद्रू सावकार. भिजलेल्या एक घनमीटर खडकातून जेमतेम 20 लिटर पाणी सुटतं, म्हणजे 2 टक्के. सिंधू-गंगेच्या वाळूमिश्रित गाळात हाच आकडा 12 ते 20 टक्के असतो. म्हणून पंजाबातल्या भूजलाची गणितं इथं चालत नाहीत. आपली टाकी दरवर्षी भरते आणि दरवर्षी रिकामी होते.

आता गाव. शिवार 1000 हेक्टर, पाऊस 600 मिमी, लोकसंख्या 1500, विहिरी-बोअर मिळून मोटारी दीडशे.

1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. म्हणजे शिवारावर पडलं 60,00,000 घनमीटर. मोजायला सोपं जावं म्हणून टीसीएम वापरू (1 टीसीएम = 1000 घनमीटर = 10 लाख लिटर). पडलं 6000 टीसीएम. बेसॉल्टमध्ये त्यातलं 7 ते 13 टक्के मुरतं, 10 धरू. मुरलं 600. त्यातलं दहावा हिस्सा पाणी ओढ्या-झऱ्यांवाटे आपसूक निघून जातं. उरलं 540.

माणसांना दरडोई रोज 55 लिटर धरले तर वर्षाला 30 टीसीएम. 600 मोठ्या जनावरांना 10. शेळ्या-मेंढ्यांना दीड-दोन. म्हणजे अख्ख्या गावाचं आणि गोठ्याचं पिणं 42 टीसीएममध्ये भागतं. शेतीला राहिले साधारण 500.

उसाची गरज वर्षाला 2000 मिमी धरली आणि त्यातले 400 पावसाने भागवले, तर विहिरीतून 1600 मिमी द्यावे लागतात. हेक्टरी 16 टीसीएम. 500 भागिले 16 म्हणजे 31 हेक्टर. हजार हेक्टरांच्या शिवारात 31 हेक्टर ऊस लावला की वर्षभराचं भूजल संपलं. तेच पाणी हरभऱ्याला (हेक्टरी अडीच टीसीएम) दिलं तर 200 हेक्टर भिजतं. रब्बी ज्वारीला 60 मिमीच्या दोन संरक्षित पाळ्या दिल्या तर 400 हेक्टरच्या पुढे.

आता प्रश्न असा की हे 31 हेक्टर कोणाचे? आणि उरलेल्या 969 हेक्टरवाल्यांनी काय करायचं?

आडवा_बोअर

आकडे ठीक वाटतात. पण पाणी संपतं कसं, म्हणजे कोणत्या क्रमाने संपतं, ते सांगायला हवं. विषमता त्या क्रमात आहे.

गावात आधी 40-50 फुटी विहिरी असतात. मार्चमध्ये तळ दिसायला लागला की पहिला उपाय म्हणजे विहिरीच्या तळाशी चारी बाजूंनी आडवे बोअर. मांजऱ्याची भेग सापडली तर शेजारच्या विहिरीचं पाणी या विहिरीत येतं. नवं पाणी तयार होत नाही, पत्ता बदलतो. दुसरा उपाय खोलीकरण. तिसरा उभा बोअर, साडेसहा इंची, 200 फूट. मग 400. मग 700. रिगचा (बोअर पाडणाऱ्या यंत्राचा) फुटाचा दर खोलीबरोबर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणजे शेवटचे 100 फूट सगळ्यात महाग. आणि अखंड पाषाणात खाली भेग लागेलच याची हमी कोणी देत नाही. तीन बोअर कोरडे गेले तरी चौथा घेऊ शकणारा या शर्यतीत टिकतो. एका कोरड्या बोअरच्या कर्जात बुडणारा तिथंच संपतो.

त्यात तांत्रिक मेख अशी की खोल बोअर फक्त खालचं पाणी घेत नाही. केसिंग पाइप (बोअरच्या वरच्या भागात भिंत ढासळू नये म्हणून बसवलेली नळी) नुसता मुरमापुरता, 20-30 फूट टाकला आणि खाली मांजऱ्याचा थर उघडा राहिला, तर वरच्या थरातलं पाणी त्या भोकातून खाली गळतं. मोटार बंद असतानाही. कान लावला तर आत धार पडल्याचा आवाज येतो. असा एक बोअर आजूबाजूच्या विहिरींचा नळ चोवीस तास उघडा ठेवतो. केसिंग अखंड पाषाणात दोन-तीन फूट रुतवून भोवतीची फट सिमेंटने बुजवली तर हे थांबतं. पण बोअरवाल्याला ते पाणी हवंच असतं, तो कशाला बुजवेल?

विजेचंही पाहा. पंपसेटची कार्यक्षमता 40 टक्के धरली तर 1000 लिटर पाणी 15 मीटरवरून उचलायला 0.1 युनिट लागतं. 150 मीटरवरून तेच पाणी 1 युनिट खातं. दहापट. साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे (एप्रिल 2024 पासून), म्हणून खोलीची ही किंमत शेतकऱ्याच्या खिशाला कळत नाही. ती तिजोरीतून जाते आणि जास्त खोल जाणाऱ्याला जास्त मिळते.

आणि खोल पाणी नेहमी चांगलं असतंच असं नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत खोल बोअरला फ्लोराइड लागतं. मर्यादा 1 मिलिग्रॅम प्रतिलिटर, दुसरा स्रोत नसेल तर 1.5. वरची विहीर आटली म्हणून हातपंपावर गेलेली वस्ती ते पिते. उसाला फ्लोराइडने फरक पडत नाही.

उसाचं_टिपरं

झालं, आला ऊस पिंजऱ्यात. दर उन्हाळ्यात हे असतंच.

दोन गोष्टी. एक, ऊस लावणारा म्हणजे जमीनदार हे चित्र जुनं झालं. राज्यात सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर आहे (2015-16 ची कृषिगणना). कारखान्याचे बहुतेक सभासद दोन-चार एकरवाले. दोन, तो ऊस का लावतो? 2025-26 साठी एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान दर) क्विंटलला 355 रुपये, 10.25 टक्के साखर उताऱ्याला. लावतानाच भावाचा अंदाज असतो आणि माल कारखाना उचलतो. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र कधी उघडणार आणि किती दिवस चालणार ते देवाला ठाऊक. गारपीट झाली तर हरभरा झोपतो, ऊस उभा राहतो. शेतकरी मूर्ख नाही, धोका मोजतो.

खडकमाळ

टिपरं, मान्य. मी जमिनीच्या एकरांवरून श्रीमंत-गरीब म्हणत नाहीये. ओढ्याकाठचा दोन एकरवाला आणि माळावरचा आठ एकरवाला यांत पाण्याने श्रीमंत पहिला. इथली खरी दरी 7/12 वर पूर्ण दिसत नाही. तिचे तीन घटक: जमीन उतारावर कुठे आहे, कोरडा बोअर सोसायची ऐपत किती, आणि शेतीबाहेरचं उत्पन्न घरात येतं का. पगारदार किंवा दुकानदार भाऊ ज्या घरात आहे ते घर 700 फुटांपर्यंत जातं.

बारमाही पिकाची आणखी एक खोड आहे. रब्बीचं पीक दुष्काळात सोडून देता येतं, नुकसान एका हंगामाचं. ऊस, द्राक्ष, डाळिंब सोडता येत नाही, कारण बागेत चार-पाच वर्षांचे पैसे पुरलेले असतात. म्हणून नेमका पाऊस कमी झाला त्या वर्षी बारमाहीवाल्याची मागणी घटत नाही आणि तो आणखी खोल जातो. तुटीच्या वर्षी मागणी कमी होणं हाच भूजलाचा एकमेव ब्रेक, तो निकामी होतो.

एक तुलना सांगून थांबतो. टंचाईत टँकरचा निकष माणशी 20 लिटर. 1500 माणसं, 120 दिवस: 36 लाख लिटर. एकरभर ऊस वर्षाला विहिरीतून 64 लाख लिटर घेतो. गावाचा अख्खा टँकरचा उन्हाळा अर्ध्या एकरापेक्षा थोड्या जास्त उसात मावतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, ती पहिली खेप 5 लाख लिटरची होती. एकराच्या हिशेबाने लावून पाहा.

पाणमोजणी

खडकमाळ, तुमच्या ताळेबंदात एक मोठी गफलत आहे. तुम्ही परतीचं पाणी धरलं नाही.

पाटाने दिलेलं सगळं पाणी पीक पीत नाही. काही जमिनीत मुरून पुन्हा विहिरीला येतं. केंद्राच्या भूजल मूल्यांकनाच्या पद्धतीत, विहिरीवरच्या भिजवणीसाठी (भात सोडून), पाणीपातळी 10 मीटरच्या आत असेल तर 25 टक्के परत धरतात, 10 ते 25 मीटर असेल तर 15, त्याहून खोल असेल तर 5. म्हणजे 16 टीसीएम उपशातले 4 परत आले, निव्वळ खर्च 12. तुमचे 31 हेक्टर 41 होतात.

उसाला हायसं वाटेल, पण पुढचं वाचा. ठिबक लावलं की उपसा 16 वरून समजा 10 वर आला. सगळे म्हणणार 6 वाचले. पण ठिबकात परतीचं पाणी जवळजवळ नाही. खर्च 12 वरून 10 झाला, खरी बचत 2. आणि शेतकऱ्याला मात्र विहिरीत 6 शिल्लक दिसतात. तो आणखी अर्धा-पाऊण एकर ऊस वाढवतो. आधी एका हेक्टरला 12 लागत होते, आता सव्वा हेक्टरला साडेबारा. ठिबक आलं आणि भूजल जास्त संपलं. शेजारच्या विहिरीला झिरपून मिळत होतं तेही बंद.

ठिबक वाईट नाही. खतं, मजुरी, वीज वाचते, उत्पादन वाढतं. पण क्षेत्राला मर्यादा नसेल तर त्याला जलसंधारण म्हणू नये.

खडकमाळ

बरोबर आहे, सुटलंच होतं. 41 करतो. आणि ठिबकाचं गणित माझ्या मूळ मुद्द्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

गोधडी

योजनांचे निकष एकापुढे एक ठेवले की गंमत दिसते.

ठिबक: अल्प-अत्यल्प भूधारकांना 80 टक्के अनुदान, बाकीच्यांना 75, मर्यादा 5 हेक्टर. फरक 5 टक्क्यांचा. पण अर्ज करायला मुळात पाण्याचा स्रोत दाखवावा लागतो. म्हणजे विहीर नसलेला बाद.

सौर पंप: अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5, त्यावर साडेसात. पंपाची ताकद जमिनीवर ठरते, खालच्या खडकात पाणी किती आहे यावर नाही. एकदा पॅनल बसलं की ऊन आहे तोवर पाणी फुकट. वीज जायची तेव्हा विहिरीला नकळत विसावा मिळायचा, तोही गेला.

शेततळं: 2016 च्या योजनेत किमान 0.60 हेक्टर जमीन हवी, कमाल आकार 30 × 30 × 3 मीटर. कडांचा उतार 1:1 धरला तर त्यात 2196 घनमीटर मावतात. मूळ कल्पना वाहून जाणारं पाणी अडवायची. होतं असं की त्यात 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरतात, त्यामुळे मुरणं शून्य. येणारा-जाणारा सांडवा काढतच नाहीत, बांध चारही बाजूंनी उंच. मग ते भरतात कशाने? ऑगस्ट-सप्टेंबरात विहीर तुडुंब असताना मोटारीने. सगळ्यांच्या खालचं पाणी उचलून एकाच्या कागदावर ठेवायचं, एवढंच.

शिवाय ते उघड्यावर असतं. जानेवारी ते मे रोज सरासरी 6 मिमी उडतं असं धरा. 150 दिवसांत 90 सेंटिमीटर. पाणी उतरतं तसा पृष्ठभाग आकसतो, म्हणून सरासरी 750-800 चौरस मीटर धरले तर 700 घनमीटर हवेत. साधारण तिसरा हिस्सा. खडकात ठेवलं असतं तर हे उडालं नसतं. पण खडकात ठेवलेलं शेजारी उपसतो, म्हणूनच तर हा उद्योग.

अस्तर नसलेलं, ओढ्याच्या वळणावर, सांडवा काढलेलं तळं याच्या अगदी उलट काम करतं. दोन्हींना नाव एकच.

मध्यमवर्ग_एक

अर्थशास्त्रात एक कल्पना आहे. उत्पन्न वाढताना आधी प्रदूषण वाढतं आणि एका टप्प्यानंतर घटतं, उलट्या यू आकाराच्या रेषेसारखं. कुझनेट्सने 1955 मध्ये उत्पन्नाच्या विषमतेबद्दल मांडलं होतं, 90 च्या दशकात ते पर्यावरणाला लावलं गेलं. त्या न्यायाने गाव श्रीमंत झालं की पाणी सुधारेल का?

पाणमोजणी

धुराला लागू पडेल कदाचित. धूर श्रीमंताच्याही नाकात जातो, म्हणून तो कायदा मागतो. इथं ज्याच्याकडे पैसा येतो तो खाली जातो किंवा टँकर मागवतो. आटलेल्या विहिरीचा त्रास होतो त्याच्या हातात सूत्रं नाहीत आणि सूत्रं आहेत त्याला त्रास नाही. रेषा वळायला काही कारणच नाही.

सातबारा_उतारा

कायद्याचं थोडक्यात, कारण इथं गैरसमज फार आहेत.

मूळ सगळं 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातून येतं: आपल्या जमिनीखालचं झिरपतं पाणी काढायचा मालकाला हक्क. म्हणून भूजल जमिनीला चिकटलेलं. भूमिहीनाला त्यात कागदोपत्री काहीच नाही. ज्या पाण्याला बांध ठाऊक नाही त्याची मालकी आपण बांधाने ठरवतो.

1993 चा राज्याचा कायदा फक्त पिण्याच्या पाण्यापुरता होता: सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, टंचाईत 1 किलोमीटरच्या आतल्या उपशावर बंधन घालता येतं. 2009 चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम बराच पुढे गेला, 2014 मध्ये अमलात आला. 60 मीटर किंवा त्याहून खोल ती खोल विहीर, शेती आणि उद्योगासाठी अशा नव्या विहिरींवर बंधन. रिगची नोंदणी. अधिसूचित क्षेत्रात पाणलोट समिती, पाणी पाहून पीक आराखडा.

मग 700 फुटी बोअर पडतात कसे? कारण पुरावा. रिग संध्याकाळी येते आणि पहाटे जाते. बोअर किती खोल गेला हे सांगणारा कागद म्हणजे रिगवाल्याचं बिल, ते 190 फुटांचं करता येतं. 7/12 वर विहीर असते, बोअर बऱ्याचदा नसतोच. आणि तक्रार करायची कोणी? ज्याची विहीर आटली तो त्याच शेजाऱ्याकडून उन्हाळ्यात दोन हंडे आणतो, त्याच्याच शेतात मजुरीला जातो, सोसायटीच्या कर्जाला त्याचीच सही लागते. तक्रार अर्ज विनामूल्य आहे, पण त्याची किंमत मोठी आहे.

शेरडं_राखी

सगळे विहिरीपाशीच थांबलात. जरा माथ्यावर या.

पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करतात. वर सलग समतल चर, 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल, मग अनघड दगडी बांध, खाली नाला बांध, सिमेंट बंधारा. शास्त्र म्हणून पक्कं. आता माथा कोणाचा? गायरान, वनजमीन, मुरमाड पड. तिथं शेळ्या चारणारी घरं भूमिहीन किंवा एक-दीड एकरवाली. काम सुरू झालं की कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी, किमान तीन-चार वर्षं. शेळ्या विकाव्या लागतात. चरात मुरलेलं पाणी उतरतं कुठे? पायथ्याला, ओढ्याकाठच्या विहिरीत. झीज माथ्याची, लाभ पायथ्याचा. श्रमदानात दोघांचे हात सारखे.

मग पाचव्या वर्षी चरांत शेळ्या घुसतात, झाडं मोडतात आणि बैठकीत ‘लोकांना कळतच नाही’ असं ठरतं. लोकांना चांगलं कळतं.

उपाय साधे आहेत, पण पहिल्या ग्रामसभेत ठरवावे लागतात. सगळा माथा एकदम बंद न करता तिसरा हिस्सा आळीपाळीने बंद करायचा. बंद पट्ट्यातलं गवत ऑक्टोबरनंतर कापून न्यायचा पहिला हक्क शेळीवाल्या घरांचा, लिलाव करायचा नाही (लिलाव केला की गवतही गोठेवाल्याचं). आणि चराच्या कामाची मजुरी रोख, श्रमदान पायथ्याकडून.

गोधडी

ज्या घरांच्या विहिरी आटतात ती कुठे जातात हेही याच साखळीत आहे. दसरा झाला की बीड, जालन्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. आपल्या शिवारात पाणी नाही म्हणून दुसऱ्याच्या शिवारात पाणी पिऊन वाढलेला ऊस तोडायचा.

उसाचं_टिपरं

यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मग वाटणीचं बोला. ऊस बंद करा म्हणणं सोपं आहे. उरलेले 500 टीसीएम कसे वाटायचे?

सातबारा_उतारा

त्याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत, दोन अगदी वेगळ्या तऱ्हेची.

पाणी पंचायत, पुरंदर तालुक्यातलं नायगाव. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी देवस्थानाची 40 एकर माळजमीन कराराने घेऊन प्रयोग केला, त्यातून नियम आले. पाणी माणशी अर्धा एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं, जमीन कितीही असो. भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी भरायचा. यातलं तिसरं कलम मला सगळ्यात धारदार वाटतं, कारण 1882 पासूनची गाठ तिथं सुटते.

हिवरे बाजारचं वेगळं. तिथं विहिरी खासगीच राहिल्या, पण शेतीसाठी बोअर बंद, ऊस आणि केळी बंद, आणि पाऊस मोजून ग्रामसभेत रब्बीचा ताळेबंद. वाटणी सारखी नाही, पण शर्यतीला खालून टोपण लावलं.

आडवा_बोअर

फरक लक्षात घ्या. पाणी पंचायत उपसा योजनेवर चालते: एक तलाव, एक पंप, एक व्हॉल्व्ह, एक पाणीवाला. नियम मोडला तर व्हॉल्व्ह बंद. दीडशे खासगी मोटारींच्या गावात व्हॉल्व्ह कुठे आहे? नियम उपशावर लावता येत नाही. म्हणून तो बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींवर लावायचा: पीक, रिग, पंपाची एचपी. ऊस लपत नाही, रिगचा आवाज तीन किलोमीटर जातो. लिटर मोजायच्या भानगडीत पडलेली गावं मीटर फुटण्यापाशी अडकतात.

नवी_विहीर

वाचतेय. ऑक्टोबरमध्ये गावात ताळेबंद करायचा झाला तर सुरुवात कुठून करायची? ग्रामपंचायतीकडे पर्जन्यमापक आहे.

पाणमोजणी

ताई, पर्जन्यमापक आहे म्हणजे निम्मं काम झालं. क्रम असा:

शिवाराच्या माथा, मध्य आणि पायथा अशा तिन्ही भागांतून मिळून 10-12 विहिरी निवडा. फक्त सरपंचांच्या आणि रस्त्याकडेच्या नकोत, माळावरच्या दोन-तीन हव्यातच, नाहीतर सरासरी फुगते. प्रत्येकीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करा, दरवेळी तिथूनच मोजा. पाणी खुणेपासून किती खाली आहे ते मोजा आणि कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करा. पहाटे, मोटार किमान आठ तास बंद असताना. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर. त्याच महिन्यांत मोजलंत तर त्यांच्या निरीक्षण विहिरीशी ताडून पाहता येईल.

मे आणि ऑक्टोबरच्या पातळीतला फरक समजा 3 मीटर. शिवार 1,00,00,000 चौरस मीटर × 3 × 0.02 = 600 टीसीएम. खडकमाळनी पावसावरून काढलेला आकडाही 600. दोन्ही जवळ आले तर ठीक. दुसरा बराच कमी आला तर दोन शक्यता: पावसाळ्यातच उपसा होतोय (गोधडींची शेततळी आठवा) किंवा तुमच्या शिवारात 2 टक्केसुद्धा सुटत नाहीत.

पिकांचं क्षेत्र ई-पीक पाहणीतून (मोबाइलवरून होणारी पिकांची सरकारी नोंद) घ्या, पण ती पेरणीनंतर होते. ताळेबंदाला पेरणीआधीचा आकडा लागतो. म्हणून 15 ऑक्टोबरच्या आत घरोघर एकच प्रश्न: रब्बीला काय आणि किती. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) विचारायला विसरू नका. खोडव्याला लोक ‘नवीन लागण नाही’ म्हणतात आणि तो यादीतून गळतो. पाणी मात्र तेवढंच पितो.

फसतं कुठे: फलक लावला जातो, वर तूट 180 टीसीएम लिहिली जाते आणि सभा संपते. तूट कोणी कमी करायची हे लिहिलं नसेल तर ती आपोआप माळावरच्या विहिरींच्या वाट्याला येते. म्हणून त्याच सभेत दोन ओळी लिहून घ्या. पहिली, प्रत्येक घराला पहिल्या एक एकर रब्बीचं पाणी निर्विवाद. दुसरी, तूट असेल तर कात्री सगळ्यात आधी बारमाहीच्या वाढीव क्षेत्राला.

नवी_विहीर

आमच्याकडे निम्म्या मोटारी बोअरवर आहेत. बोअरची पातळी कशी मोजायची? पंप आणि केबल आत असते, टेप अडकते.

आडवा_बोअर

पंप बाहेर काढतील तेव्हा, दर दोन-तीन वर्षांनी काढतातच, कॉलम पाइपला (पंपाचं पाणी वर आणणाऱ्या पाइपला) बांधून पाऊण इंची पीव्हीसी पाइप पंपाच्या थोडा वरपर्यंत सोडायला सांगा. खालच्या टोकाला भोकं पाडलेली, वर टोपण. टेप त्या पाइपातून जाते, केबलला लागत नाही. टेपच्या टोकाला दोन तारा, वर बॅटरी आणि बझर: पाण्याला टेकलं की वाजतं. स्थानिक इलेक्ट्रिशियन करून देतो.

आणि पहिला पाइप ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या बोअरमध्ये टाका. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, आणि तो खाली गेलेला सगळ्यांनाच दिसतो.